अडीच घरांचा राजा

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा पुण्याहून आमच्या कांचघरच्या घरी महिनाभर राहायला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तकांचं वजन जास्त होतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची ती नियमपुस्तकं. काही १९८९च्या आवृत्तीची, काही २०१४च्या. हा खेळ पटाशिवायही चालतो. चार-पाच जणांनी बसायचं, एकेकाने एकेक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि शंकेच्या जागी फासा टाकायचा. भाचा रोज रात्री फोनवर मित्रांशी एकाच मुद्द्यावर भांडत असे: लढवय्या बलवान की जादूगार, आणि कोणत्या आवृत्तीत? आधी मला गंमत वाटली, मग कुतूहल, आणि शेवटी मी अस्वस्थ झालो. हेच भांडण मी याच घरात लहानपणी आजोबांशी केलं होतं, आणि जिंकलंही होतं.

आधी त्याच्या खेळाविषयी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हा पात्रांचे वर्ग तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. चोर पुढच्या वर्षी आला. १९७८च्या पुस्तकात लढवय्याची जीवनशक्ती दहा बाजूंच्या फाशाने ठरे, जादूगाराची चार बाजूंच्या. नवख्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळे, आणि तो म्हणताना कुणी घाव घातला तर मंत्र वाया जाई. दुसऱ्या पातळीवर जायला चोराला सुमारे १२५० अनुभवगुण लागत, लढवय्याला २०००, जादूगाराला २५००. हा समतोल एका लढाईपुरता नव्हता, पात्राच्या सगळ्या आयुष्याचा होता. जादूगाराने आधी सोसायचं आणि त्यातून वाचलाच तर पुढे सगळ्यांना मागे टाकायचं.

१९८९च्या आवृत्तीने त्याच्या अग्निगोलकाला लगाम घातला. पूर्वी जितकी पातळी तितके फासे पडत, आता जास्तीत जास्त दहा. २००० साली सर्व वर्गांना अनुभवगुणांचं एकच कोष्टक लागू झालं, आणि घाव बसला तरी मंत्र टिकवण्याची संधी मिळाली. दिसायला हा न्यायच होता. प्रत्यक्षात जादूगाराच्या गळ्यातली दोन लोढणी निघाली आणि वरच्या पातळ्यांवर लढवय्या त्याचा सामान उचलणारा सोबती होऊन बसला. २००८च्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या: काही केव्हाही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. समतोल आला, पण सगळी पात्रं सारखीच वाटतात अशी तक्रार जुन्या खेळाडूंनी केली. २०१४ साली वेगळी तोड निघाली. ज्या मंत्रावर लक्ष धरून ठेवावं लागतं, असा मंत्र एका वेळी एकच चालू ठेवता येईल.

‘जादूगार’ हे पात्र चाळीस वर्षं टिकून राहिलं. बदलले ते त्याच्या भोवतीचे नियम, आणि त्यांच्याबरोबर त्याची ताकद बदलली. हे वाचताना मला आमच्या बुद्धिबळाचा वजीर आठवला.

नवव्या शतकातला खेळाडू अल-अदली याने मोहऱ्यांचे भाव दिरहमात सांगितले होते. कोपऱ्यातल्या मोहऱ्याला, म्हणजे आपल्या आजच्या हत्तीला, एक दिरहम, घोड्याला दोन तृतीयांश आणि वजिराला सुमारे एक तृतीयांश. तेव्हा वजीर तिरका एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याला आठही दिशा मोकळ्या झाल्या. आज हत्तीचे पाच गुण धरले तर वजिराचे नऊ. एका हत्तीसाठी पूर्वी तीन वजीर मोजावे लागत, आता एका वजिरासाठी जवळजवळ दोन हत्ती लागतात. नावंही सरकली. ज्याला आपण उंट म्हणतो तो मुळात हत्ती होता, आणि कोपऱ्यातला आपला हत्ती मुळात रथ. बंगालीत तो कोपऱ्यात नौका होऊन बसला आहे.

नवा वजीर आपल्याकडेही रुळला, पण बाकीचे बरेच नियम देशीच राहिले. आजोबा त्या देशी रीतीने खेळत. त्यांचा पट कापडी होता आणि सगळी घरं एकाच रंगाची. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह लागण्याआधी, डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरी पोचलं तेच होई. त्यामुळे सगळी प्यादी सारख्या मोलाची नव्हती. वजिराच्या रांगेतलं प्यादं आजोबा जिवापाड जपत आणि उंटाच्या रांगेतलं सहज देऊन टाकत.

मी सातवीत असताना शाळेतल्या स्पर्धेसाठी आंतरराष्ट्रीय नियमांचं पुस्तक आणलं. त्या संध्याकाळी आजोबांनी राजा अडीच घरं उडवला आणि मी म्हणालो, “आजोबा, ही चाल खोटी आहे.” पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, राजा परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, “बरं, तुझ्या पुस्तकाने खेळू.” ते हरले. पुढचे तीन-चार डावही हरले. मग पट घडी होऊन कपाटात गेला.

ते का हरले हे मला फार उशिरा कळलं. माझी प्यादी दोन-दोन घरं पुढे येत होती, माझा राजा तीन-चार चालींत कोटात जात होता. त्यांची मोहरी सावकाश बाहेर पडत, कारण त्यांच्या आवृत्तीत घाई करायचं कारणच नव्हतं. पंजाबचे मीर सुलतान खान यांचं असंच होतं. देशी रीतीवर वाढलेला हा माणूस १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला. सुरुवातीच्या चालींत ते नेहमी कच्चे मानले गेले आणि डावाच्या शेवटी भल्याभल्यांना भारी पडले. सुलतान खानांना नव्या नियमांत मुरायला वेळ मिळाला. आजोबांना मी एक आठवडा दिला, आणि त्यांच्या हरण्याला माझी हुशारी समजलो.

भाच्याच्या मांडीवर जुनी आणि नवी अशी दोन्ही पुस्तकं उघडी असतात. कोणत्या आवृत्तीने खेळायचं हे मित्र आधी ठरवतात, मग फासे काढतात. जुनी आवृत्ती त्यांच्या लेखी चूक नाही, वेगळी आहे. आजोबांच्या आवृत्तीचं पुस्तक आमच्या घरात नव्हतं. ती ऐकून शिकायची आणि खेळून टिकवायची होती. १८१४ साली तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ इंग्रजीत मुंबईला छापला गेला, तेव्हा तो युरोपीय रीतीला जुळवून घेतल्याचं त्याच्या नावातच सांगितलं होतं. देशी डाव छापखान्यात शिरला तो असा, नियम बदलून.

भाचा परत जायच्या आदल्या दिवशी मी कपाटातला पट काढला आणि वहीच्या एका पानावर आठवतील तेवढे नियम लिहिले. राजाच्या घरी पोचलेल्या प्याद्याचं काय होई, तिथे पेन थांबलं. विचारायला आता घरात कोणी नव्हतं. तिथे आम्ही दोघांनी ठरवून ‘वजीर’ असं लिहिलं आणि शेजारी आमच्या नावांची अक्षरं घातली, म्हणजे हा नियम आजोबांचा नाही हे पुढे कळावं.

मग खेळायला बसलो. पाच-सहा चालींनंतर त्याने विचारलं, “मामा, राजाची ती उडी शेवटपर्यंत राखून ठेवू का?”

“नको,” मी म्हणालो, “शह लागला की ती जाते. आजोबा लवकर वापरत.”