चकमकीची बंदूक : कोठली आणि कोणाची?

समजा, ठाणे किंवा कल्याणच्या एखाद्या जुन्या वाड्यात माळ्यावर गंजलेली बंदूक सापडली. घरातले सांगतात, ‘ही आमच्या पूर्वजांनी वसईच्या मोहिमेत वापरली.’ वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकली. मग ही बंदूक अडीचशे वर्षांहून अधिक जुनी ठरते. ते खरे कसे मानायचे? खोटे तरी कशावरून म्हणायचे?

केवळ सापडल्या जागेवरून काही ठरत नाही. या भागाचा इतिहासच तसा आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे पोर्तुगिजांकडून घेतले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८० मध्ये कल्याण व वसईही घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी बेट, म्हणजेच ठाणेही, इंग्रजांकडे राहिले. त्यानंतर १८१७ पर्यंत ठाण्याची खाडी ही सरहद्द होती. अलीकडे कंपनी सरकार, पलीकडे पेशवे! अशा मुलखात कोणाचेही हत्यार कोणाच्याही घरी पोहोचू शकते. म्हणून साक्ष बंदुकीचीच काढायला हवी.

त्याआधी एक सावधगिरी. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून ठासतात. भरलेली बंदूक रिकामी करणे कटकटीचे असल्याने ती पुष्कळदा तशीच ठेवली जाई, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून घोडा ओढून पाहू नये, नळीचे तोंड कोणाकडेही करू नये. भरलेली असल्याची शंका येताच पोलिसांना कळवावे. पुढची सारी तपासणी ती रिकामी असल्याची जाणकाराने खात्री केल्यावरच करायची.

पहिला प्रश्न : दारू पेटते कशी? सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. तिच्यात धुमसणारी वात, म्हणजे तोडा, चाप ओढताच कानाजवळच्या रंजकावर टेकतो. वसईच्या काळात मराठी फौजेत मुख्यतः याच बंदुका होत्या. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा पकडलेला असतो. चाप ओढला की तो पोलादी पट्टीवर आदळतो, पट्टी मागे उलटते आणि उघड्या पडलेल्या रंजकावर ठिणग्या पडतात.

या ठिणग्या दगडाच्या नसतात, लोखंडाच्या असतात! गार पोलादाहून कठीण असल्याने ती पट्टीचे सूक्ष्म कण खरवडून काढते. हे कण घर्षणाने तापतात आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळतात. जुन्या कानशीच्या तुकड्यावर अकीक घासून शिक्षकांना हा प्रयोग अंधाऱ्या खोलीत करून दाखवता येईल, अर्थात डोळ्यांवर चष्मा लावून.

तिसरा प्रकार टोपीच्या बंदुकीचा. आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे पेटंट स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतले आणि १८४० च्या सुमारास इंग्रजी सैन्यात टोप्या आल्या. तेव्हा अनेक चकमकीच्या बंदुका बदलून टोपीच्या केल्या गेल्या. चापाच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर बुजवलेली भोके दिसली, तर पूर्वी तेथे रंजकाची वाटी व पोलादी पट्टी असावी.

दुसरा प्रश्न : मापे काय सांगतात? व्हर्नियर कॅलिपरने नळीचे तोंड आतून तीन-चार दिशांनी मोजा आणि सरासरी काढा, कारण गजाने घासून तोंड झिजलेले असते. इंग्रजी फौजी बंदुकीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, तर फ्रेंच बंदुकीचा सुमारे १७.५ मिलिमीटर असे. दुसरी खूण म्हणजे नळी लाकडाला कशी जोडली आहे. इंग्रजी पद्धतीत लाकडातून आरपार खिळे असतात, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच पद्धतीत नळीभोवती धातूची कडी असतात. इंग्रजी नळी आधी ४६ इंच, नंतर ४२ इंच होती. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सैन्यासाठी ती ३९ इंच, म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर केली. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारने कंपनीच्या बंदुका विकत घेतल्या आणि पुढे तोच नमुना स्वतःच्या सैन्यासाठी स्वीकारला. मात्र शिकारीसाठी नळी कापलेली असू शकते. तोंडाजवळ संगीन अडकवायचा खुंट नसेल, तर तसा संशय घ्यावा.

तिसरा प्रश्न : खुणा. कंपनीच्या बंदुकीवर हृदयाच्या आकारात कंपनीची अक्षरे असत. १८०८ पासून त्याजागी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. म्हणजे आपल्या बंदुकीवर सिंह असेल, तर ती वसईच्या मोहिमेत असणे शक्यच नाही. पण खुणेवर आंधळा विश्वासही नको. देशी कारागीर विलायती खुणांची नक्कल करीत. अक्षरे उलटी किंवा अर्थहीन असतील, तर नकलेची शक्यता मोठी. महादजी शिंद्यांच्या दे बॉइन्यच्या पलटणींसाठी आग्र्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली युरोपीय धर्तीच्या बंदुका बनत होत्या. एकाच बंदुकीत विलायती घोडा, देशी नळी आणि अक्रोडाऐवजी शिसवीचा दस्ता, असा संयोगही घडू शकतो. म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासावा.

आता ध्यानात येईल की ‘कोणाची?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. कोठे बनली? कोणासाठी बनली? कोणी वापरली? पहिल्याचे उत्तर वस्तू बरेचदा देते, दुसऱ्याचे कधी कधी. तिसऱ्याचे उत्तर लोखंडात नसते. त्यासाठी जुना परवाना, घरातली कागदपत्रे किंवा पुण्याच्या पेशवे दफ्तरासारखे पुरावे हवेत. सिंहाची खूण असलेली बंदूक मराठी घरात सापडली, तर घरची कहाणी तारखेपुरती चुकते. पण सरहद्दीच्या काळात, किंवा त्यानंतर, ती बंदूक खाडी ओलांडून त्या घरात कशी आली, हा नवा आणि अधिक खरा प्रश्न उभा राहतो.

असे काही सापडल्यास गंज घासून काढू नये. त्याबरोबर खुणाही जातात. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहावीत आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील शस्त्रांशी ताडून पाहावीत. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला, म्हणून त्याची चौकशीही करावी. आणि घरची कहाणी? तीही वहीत टिपून ठेवावी, पण पुरावा म्हणून नव्हे, तपासायचे विधान म्हणून.