मोडीतल्या मोटारीतून साकारते स्पोर्ट्स कार

अपघातात चेपलेली किंवा गंजाने पोखरलेली जुनी मोटार भंगारवाल्याच्या लेखी किलोच्या भावाची असते. ब्रिटन आणि अमेरिकेतील हौशी मंडळींच्या लेखी मात्र ती नव्या स्पोर्ट्स कारचे भांडवल ठरते. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक काढून घ्यायचे, नव्या सांगाड्यावर बसवायचे आणि त्यावर एखाद्या गाजलेल्या मोटारीसारखी दिसणारी फायबरग्लासची बॉडी चढवायची, असा हा उद्योग आहे. सांगाडा, बॉडी आणि जोडणीचे भाग ज्या संचात मिळतात त्याला 'किट' म्हणतात, आणि ज्या जुन्या गाडीचे अवयव वापरले जातात तिला 'डोनर', म्हणजे दाती गाडी.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो; पण या हौसेचा उगम मोल वाचवण्यातच झाला.

करातून जन्मलेला छंद

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये नव्या तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता. सुट्या भागांच्या रूपात विकलेल्या मोटारीवर तो लागत नसे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' ही हलकी, दोन आसनी, उघडी मोटार आणली आणि ती किटच्या स्वरूपातही विकली. जोडणीची माहितीपुस्तिका सोबत दिली तर करसवलत जाते, म्हणून चॅपमन यांनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि ग्राहकांनी ती उलट्या क्रमाने वाचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि किटचा हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. कर गेला तरी छंद टिकला.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाचे एक पुस्तक हेन्स प्रकाशनाने काढले. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असे आवाहन त्याच्या शीर्षकातच होते. साधारण एक इंच चौकोनी पोलादी नळ्या कापून, वेल्डिंग करून सेव्हनच्या धाटणीचा सांगाडा घरीच कसा करावा, हे त्यात मापांसह दिले होते. या गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नाव पडले.

डोनर निवडताना

लोकॉस्टसाठी पसंती होती ती फोर्ड एस्कॉर्टच्या पहिल्या दोन पिढ्यांना. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, रचना साधी आणि सुटे भाग मुबलक, ही त्याची कारणे. पुढे याच एस्कॉर्टना जुन्या अभिजात मोटारी म्हणून भाव आला आणि त्या मोडणे परवडेनासे झाले. मग फोर्ड सिएरा आणि त्यानंतर माझदा एमएक्स-५ या गाड्या दात्या झाल्या. म्हणजे डोनर स्वस्त आणि भरपूर असतो तोवरच हा हिशेब जमतो.

कोणत्या नकलेसाठी कोणता डोनर, याचीही ठरलेली गणिते आहेत. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे आणि बॉडी खालच्या तळापासून वेगळी करता येण्याजोगी. म्हणून पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या नकलांना ती चालते. १९८४ ते १९८८ दरम्यान निघालेल्या पॉन्टिअॅक फिएरोचे इंजिन आसनांच्या मागे होते आणि पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकचे पत्रे बसवलेले होते. ते उतरवून फेरारीसारखे पत्रे लावणे तुलनेने सोपे ठरले.

सर्वाधिक नक्कल झाली ती कोब्राची. ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या मोटारीत कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले. १९६० च्या दशकात अशा सुमारे हजारच गाड्या निघाल्या. नकला त्याच्या कित्येक पट आहेत. अमेरिकेत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या फॅक्टरी फाइव्ह कंपनीचे सुरुवातीचे किट १९८७ ते १९९३ च्या फोर्ड मस्टँगवर बेतलेले होते.

गॅरेजमधले काम

डोनर उघडताना प्रत्येक वायरीला आणि बोल्टच्या प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावणे, हा पहिला धडा. त्यानंतर इंजिन आणि ब्रेक यांची दुरुस्ती, मग सांगाड्यावर सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या, इंधनटाकी, इंजिन, वायरिंग आणि सरतेशेवटी बॉडी, असा क्रम असतो. दारे आणि बॉनेट यांच्या फटी सारख्या करण्यात आणि रंगकामात अपेक्षेपेक्षा अधिक वेळ जातो. शनिवार-रविवारच्या फुरसतीत काम करणाऱ्याला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. अर्धवट राहिलेले प्रकल्प मग मिळेल त्या किमतीला विकले जातात. खर्चाचा अंदाजही येथेच चुकतो: टायर, रेडिएटर, आसने, रंग यांची बेरीज अनेकदा मूळ किटच्या किमतीशी स्पर्धा करते.

घरी केलेल्या वेल्डिंगवर ताशी शंभर किलोमीटर वेगाने कोणी बसणार असेल, तर ते तपासायचे कोणी? ब्रिटनमध्ये २००९ पासून अशा मोटारींना वैयक्तिक वाहन मान्यता चाचणी द्यावी लागते. ब्रेक, सीटबेल्टचे आधार, दिवे, आवाज, धूर यांच्याबरोबरच बॉडीच्या बाहेर आलेल्या कडा पादचाऱ्याला कापतील का, हेही पाहिले जाते.

ओळख कोणाची?

इंजिन एकाचे, सांगाडा दुसऱ्याचा, रूप तिसऱ्याचे; मग मोटार कोणती? ब्रिटनच्या परवाना खात्याने यासाठी अनेक वर्षे गुणपद्धत वापरली. सांगाड्याला ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनाला अवघा १. आठ गुण जुन्या गाडीचे भरले तरच तिचा क्रमांक कायम राही. ज्या गाडीचे वय वा मूळ ठरवता येत नाही तिला १९८३ पासून 'क्यू' अक्षराची पाटी मिळू लागली. खरेदीदाराला सावध करणारी ही खूण आहे.

रूपाच्या मालकीचा प्रश्न न्यायालयात गेला. 'मायामी व्हाइस' या अमेरिकी मालिकेतील काळी फेरारी डेटोना प्रत्यक्षात शेव्हरोले कॉर्व्हेटवर उभारलेली नक्कल होती. डेटोना आणि टेस्टारोसाच्या बॉडीचे किट बनवणाऱ्या एका व्यावसायिकाविरुद्धच्या खटल्यात १९९१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने फेरारीच्या बाजूने कौल दिला. विकत घेणाऱ्याला नक्कल ठाऊक असली तरी रस्त्यावर पाहणाऱ्याची फसगत होते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा.

आपल्याकडे काय?

सेव्हनच्या धाटणीचा एक अवतार महाराष्ट्रातही घडला. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने इसुझुचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन वापरून 'रोडस्टर' बनवली. परंतु कंपनीने मोटार बनवणे वेगळे आणि व्यक्तीने घरी जोडणे वेगळे. भारतात नव्या वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. तो खर्च आणि व्याप एका गाडीसाठी हौशी माणसाच्या आवाक्यातला नाही.

जुन्या गाडीला नवे रूप देण्याची वाटही अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

त्यामुळे सेडानच्या सांगाड्यावर उभारलेली 'फेरारी' कोणी विकायला काढली, तर आधी तिचे नोंदणीपुस्तक मागावे. त्यातील बॉडीचा प्रकार, सांगाडा क्रमांक आणि इंजिन क्रमांक समोरच्या गाडीशी जुळतो का ते पाहावे आणि विमा कंपनीला बदलांची लेखी कल्पना द्यावी. कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नसेल, तर अपघातानंतर तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईचा वादही नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो.