भट्टी कोणी विझवली?

६ डिसेंबर १९९५. पंजाबात जालंधर ते फिरोजपूर मार्गावर त्या दिवशी एक प्रवासी गाडी धावली. ब्रॉडगेजवर नेमाने धावणारी, कोळशाच्या इंजिनाची ती शेवटची गाडी. इंजिनाचा नंबर १५००५. मी ती छोटीशी बातमी अब्बांना वाचून दाखवली. अब्बा भुसावळला फायरमन होते. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘भट्टी किसने बुझाई?’’

बातमीत ते नव्हतं.

विजेच्या इंजिनाला खटका दाबला की काम भागतं. कोळशाचं थंड इंजिन वाफेवर यायला मात्र कित्येक तास लागत. म्हणून कामावरच्या इंजिनाची आग सहसा पुरती मरू देत नसत. गाडी नसली तरी शेडमध्ये रात्रभर कुणीतरी निखाऱ्यांवर लक्ष ठेवून बसलेलं असे. बॉयलर धुवायचा असला तरच आग झाडायची. नाहीतर इंजिन कायमचं संपलं म्हणून. शेवटची आग झाडणारा माणूस कोण, हे अब्बांना म्हणूनच जाणून घ्यायचं होतं.

आमचं भुसावळ हे गाव या आगीनेच वाढवलं. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली आगगाडी साठच्या दशकात थळ घाट चढून खानदेशात आली. पुढे एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा जबलपूरकडे. इंजिनाला तहान फार. ठरावीक अंतरावर पाणी घ्यायचं, कोळसा भरायचा, राख काढायची, ड्रायव्हर बदलायचे. एवढ्या कामांना शेड हवं, माणसं हवीत. तापीकाठच्या लहानशा गावात कोकणातले, वऱ्हाडातले, उत्तरेतले, गोव्याकडचे लोक आले आणि त्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत कोण कुठल्या धर्माचा, यापेक्षा कोण कुठल्या पाळीचा हे आधी ठाऊक असे.

फायरमनचं काम म्हणजे नुसतं फावडं मारणं, असा लोकांचा समज. अब्बा म्हणत, कोळसा पसरायचा असतो, ओतायचा नसतो. एका जागी ढीग पडला की धूर होतो आणि वाफ पडते. दुसरी नजर पाण्याच्या काचेवर. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं, तर भट्टीच्या छतातलं शिशाचं बूच वितळतं आणि वाफ थेट आगीत शिरते. इंजिन वाचतं, पण फायरमनची अब्रू जाते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि समोर उघडी भट्टी. त्यांच्या मनगटांवरचे डाग अखेरपर्यंत गेले नाहीत.

मला मात्र त्या इंजिनाची मौजच आठवते. आमचं आजोळ धुळ्याला. चाळीसगावला गाडी बदलायची आणि १९०० साली सुरू झालेल्या त्या छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटरच्या फाट्यावरून, जामदा, राजमाने, शिरूड करत धुळ्याला पोचायचं. फलाटावर कुणीतरी अहिराणीत ओरडे, ‘‘गाडी उनी!’’ मी खिडकीतून डोकं बाहेर काढी आणि डोळ्यांत कोळशाचे कण जात. अम्मी पदराचं टोक फुंकून डोळ्यावर धरी. मुलाची ती मौज बापाच्या छातीत खोकला होऊन साठते, हे कळायला मला फार वर्षं लागली.

साठच्या दशकाच्या अखेरीस विजेच्या तारा इगतपुरीहून भुसावळपर्यंत आल्या. कोळशाची इंजिनं मालगाड्या, यार्ड आणि फाटे यांच्यापुरती उरली. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० पासून २३५१ इंजिनं बांधली आणि १९७२ मध्ये ते काम थांबवलं. निर्णय चुकीचा नव्हता. कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही चाकांपर्यंत पोचत नसे. अब्बांनाही इंजिन गेल्याचं दुःख नव्हतं. ‘‘अच्छा हुआ,’’ ते म्हणत, ‘‘तू इस आग में नहीं आया.’’

कॉलेजात असताना मी एक इंजिन तुटताना पाहिलं. आधी पितळ आणि तांबं काढलं : शिट्टी, नळ, नंबराची पाटी. मग गॅसच्या ज्योतीने बॉयलर कापला. टेंडरसह दीडशे टनांहून जड असलेलं ते धूड पत्र्यांच्या तुकड्यांत मांडून ठेवलं. लिलावात भाव लोखंडाच्या वजनाचा. पुढे ते वितळून कुणाच्या स्लॅबची सळई झालं असेल. लोखंड तसं मरत नाही.

काही इंजिनं बचावली. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहेत, नागपूरला मोतीबागेत २००२ पासून अरुंद मार्गावरची आहेत. यवतमाळच्या शकुंतलेचं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला थांबलं, त्याचीही आठवण लोक काढतात. पण वाफ पडतेय हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा कान कुठल्या संग्रहालयात ठेवणार?

याचं उत्तर आपल्या धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून, वाळवी लागायच्या आत जुनी दप्तरं गोळा करत. त्यातून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. माणसांची आठवणही तसंच दप्तर असते. तिला वाळवी फार लवकर लागते.

हे मी सांगतो आहे, पण माझ्याच घरात चुकलो आहे. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. त्यावर मी मुशायरे ध्वनिमुद्रित केले, थोर कवींचे आवाज जपले. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात अब्बा बसलेले असत. त्यांच्यासमोर मी तो कधी ठेवला नाही. आता ते नाहीत.

चाळीसगाव-धुळे मार्गावर आता मेमू धावते. तिच्यातून उतरल्यावर कुणाच्या डोळ्यांत काही गेलेलं नसतं, हे चांगलंच आहे. पण तुमच्या घरात, शेजारी, मशिदीच्या ओट्यावर किंवा देवळाच्या पारावर एखादा म्हातारा फायरमन बसत असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. त्याला विचारा, भट्टी कशी पेटवायचे, आणि शेवटची कोणी विझवली? तो सांगेल ते त्याच्या नावासकट लिहून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)