जुन्या मोटारीची शक्ती का हरवते?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११००-डी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली. मुंबईतील टॅक्सीसेवेतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आजही धावतात. अशा गाडीचा ‘पिकअप’ गेला की इंजिन उतरवून बोअर करण्याचा सल्ला तत्परतेने दिला जातो. तो खर्चिक असतोच, शिवाय बोअर करताना सिलिंडरच्या भिंतीतील धातू कायमचा कमी होतो आणि असे किती वेळा करता येईल, याला मर्यादा असते. म्हणून आधी क्रमवार निदान करणे श्रेयस्कर.

प्रथम दोष इंजिनाचाच आहे का, हे ठरवावे. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने सहज ढकलली जात नसेल किंवा थोड्या प्रवासानंतर एखादे चाक अधिक तापत असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे असे समजावे. इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरत असल्याचे लक्षण होय. शिवाय सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला हवा विरळ असल्याने शक्ती काहीशी घटणे स्वाभाविक असते; तो बिघाड नव्हे.

त्यानंतर ठिणगीकडे वळावे. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या, चार सिलिंडरच्या इंजिनात प्रज्वलन पॉइंट आणि कंडेन्सरवर अवलंबून असते. पॉइंटची फायबरची टाच झिजली की फट कमी होते, टायमिंग मागे पडते आणि गाडी मंद होऊन तापू लागते. फट आणि टायमिंग उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार जुळवावे. डिस्ट्रिब्युटरमधील वजने गंजून अडकली, तर वेग वाढूनही टायमिंग पुढे सरकत नाही. हे टायमिंग लाइटने कळते. काळा, काजळी धरलेला प्लग पेट्रोल जास्त जात असल्याचे, तर पांढरट प्लग ते कमी पडत असल्याचे सुचवतो.

ठिणगी ठीक असूनही चढावर किंवा जास्त वेगात गाडी दम सोडत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा. फिल्टर, पंपाचा डायफ्रॅम, फ्लोटची पातळी व जेट पाहावेत. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास काही अंतरानंतर गाडी रखडते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज होतो. सहायकाने एक्सिलरेटर पूर्ण दाबला असता कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का आणि चोक अडकलेला नाही ना, हे इंजिन बंद ठेवून पाहावे. आता सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व डायफ्रॅम खराब होऊ शकतात. टाकीतील जुना गाळही सुटून फिल्टर तुंबतो. पेट्रोल पाझरत असेल, तर आगीचा धोका लक्षात घेऊन गाडी मुळीच चालवू नये.

यानंतरच इंजिनाच्या अंतर्भागाकडे लक्ष द्यावे. आधी टॅपेटची फट तपासावी; ती फार कमी असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही व कालांतराने जळतो. शिसेविरहित पेट्रोलमुळे जुन्या व्हॉल्व्ह सीट झिजून ही फट घटू शकते. मग इंजिन गरम असताना सर्व प्लग काढून, प्रज्वलन तोडून व एक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्या सिलिंडरचे माप इतरांपेक्षा बरेच कमी आल्यास त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. माप वाढले तर रिंग वा सिलिंडर झिजले आहे. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट सदोष असण्याची शक्यता अधिक. शेजारच्या दोन सिलिंडरची मापे एकत्र घसरली असतील, तर हेड गॅसकेट संशयास्पद ठरते.

कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी गुदमरत असेल, तर तुंबलेला सायलेन्सर किंवा सैल झालेली टायमिंग चेन तपासावी. एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून पाहावी आणि प्रत्येक माप वहीत नोंदवावे. अनेक भाग एकाच वेळी बदलले, तर गाडी सुधारली तरी मूळ कारण अज्ञातच राहते. बोअरिंगचा निर्णय मापांनी सिद्ध झाल्यावरच घ्यावा.