स्पायवेअर काढणे: एक छोटासा इतिहास

मंडळी, या वेळचा विषय जरा जुना आहे. फार नाही, साधारण २००२ ते २००६ या काळातला. तेव्हा ज्यांच्या घरात कॉम्प्युटर होता त्यांना 'स्पायवेअर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी.

कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनी घ्या, मयूर कॉलनी घ्या, नाहीतर पौड रोडवरची कुठलीही सोसायटी घ्या. हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर टेबल, त्यावर असेंबल केलेला पीसी, त्यात विंडोज ९८ किंवा एक्सपी (विकतची की कोणी 'टाकून दिलेली', हे विचारायचं नाही). मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, म्हणून याहू मेसेंजर आणि वेबकॅम. सुट्टीत नातवंडांचे गेम्स. घरातले सगळे एकाच लॉगिनवर, आणि ते लॉगिन हमखास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, कारण एक्सपी बसवताना आपोआप तसंच व्हायचं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं जानेवारी २००५ मध्ये. त्याआधी सगळा कारभार डायल-अपवर. म्हणजे नेट चालू की फोन बंद.

अशा मशीनवर एक दिवस होमपेज आपोआप बदललेलं दिसायचं. ब्राउझरच्या डोक्यावर एकाखाली एक तीन टूलबार. एक खिडकी बंद केली की दोन नव्या उघडणार. क्वचित एक जांभळा गोरिला पडद्यावर येऊन गप्पा मारायला लागायचा. सोसायटीत एखादा इंजिनिअर पोरगा असला की त्याचा रविवार गेलाच. तो कंट्रोल पॅनेलमधून सगळं काढायचा, मशीन रीस्टार्ट करायचा, काकू चहा आणायच्या, आणि चहा संपेपर्यंत ते टूलबार पुन्हा जागेवर!

हे स्पायवेअर इतकं चिवट का होतं? लिहिणारे फार हुशार होते, हे नेहमीचं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला थोडं मागे जावं लागतं.

जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' लिहिला. पीसीवरचा पहिला व्हायरस तो हाच मानतात. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो स्वतः जाऊन बसायचा आणि मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ठेवायचा. आत चक्क दोघांची नावं, पत्ता आणि फोन नंबर! अशा व्हायरसवर उपाय सरळ होता. मूळ सेक्टर शोधा, जागेवर आणून ठेवा, संपला विषय. थोडक्यात, व्हायरस हा एक बिघाड होता आणि बिघाड दुरुस्त करता येतो.

पुण्यात व्हायरस काढायचं सर्वांत मोठं काम एका दुरुस्तीच्या दुकानातूनच उभं राहिलं, यात म्हणूनच नवल नाही. कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर पुण्यात रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले, पुढे स्वतःचं दुकान काढलं, आणि कॅल्क्युलेटरवरून कॉम्प्युटरकडे वळले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक मशीन्समध्ये पार्ट काही बिघडलेला नसायचा, व्हायरस निघायचा. संजय यांनी त्या व्हायरसांसाठी सफाईचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' जन्माला आलं. तेव्हा कंपनीचं नाव होतं 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस'. २००७ मध्ये ते बदलून 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झालं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. नावातला 'हील' बघा. बरं करणे. दुखणं आहे, औषध आहे, पेशंट बरा होतो. ही सगळी भाषा व्हायरसला चपखल बसत होती.

स्पायवेअरने ही भाषाच बिघडवली. तेव्हाच्या व्हायरस लिहिणाऱ्याला त्यातून सहसा दमडी मिळत नसे. नाव व्हावं, खोडी काढावी, एवढाच हेतू. स्पायवेअरमागे मात्र ऑफिसं होती, पगार होते, वकील होते.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'गेटर'चं. ही अमेरिकन कंपनी १९९८ ची. तुमचे पासवर्ड आणि फॉर्म भरून देणारा प्रोग्रॅम फुकट द्यायची, आणि त्याबरोबर तुम्ही कुठल्या साइट्स बघता त्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायची. गाणी उतरवायला लोक 'कझा' घ्यायचे, त्याच्या पोटातूनही गेटर यायचं. २००३ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव 'क्लॅरिया' करून घेतलं. एप्रिल २००४ मध्ये शेअर बाजारात यायचं म्हणून कागदपत्रं दाखल केली (नंतर मागेही घेतली). त्यात २००३ ची उलाढाल सुमारे ९ कोटी डॉलर दाखवली होती आणि नफा साडेतीन कोटींच्या आसपास. हे सॉफ्टवेअर चार कोटींहून जास्त कॉम्प्युटर्सवर होतं. म्हणजे हा गल्लीतल्या कुणा पोराचा उद्योग नव्हता. 'पीसी पिटस्टॉप' नावाच्या साइटने गेटरला स्पायवेअर म्हटलं, तर २००३ मध्ये गेटरने त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला! दावा मिटला, आणि त्या साइटवरची काही पानं गेली.

दावा करायची हिंमत कुठून आली? कारण गेटर म्हणू शकत होतं, 'यांनीच तर होकार दिलाय.' आठवतंय ना, इन्स्टॉल करताना एक लांबलचक मजकूर यायचा आणि खाली 'आय अ‍ॅग्री' असं बटण. ते दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. याच पीसी पिटस्टॉपने एकदा गंमत केली. आपल्या करारात मध्येच लिहून ठेवलं की हे वाचणाऱ्याने अमुक पत्त्यावर ईमेल करावी, त्याला पैसे मिळतील. चार महिने गेले, तीन हजारांवर डाउनलोड झाले, तेव्हा कुठे एकाने ईमेल केली. त्याला १००० डॉलर मिळाले. आता सांगा, तीन हजारांत एक जण वाचणार असेल तर त्या होकाराला काय अर्थ राहिला? आणि तो मजकूर इंग्रजी कायद्याच्या भाषेत. कोथरूडचे निवृत्त बँक मॅनेजरही तो वाचत नव्हते, तर सहावीतला नातू काय वाचणार? जांभळ्या गोरिलाच्या, म्हणजे 'बॉन्झी बडी'च्या कंपनीला २००४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ७५,००० डॉलरचा दंड केला, तोही पालकांना न विचारता लहान मुलांची माहिती गोळा केली म्हणूनच.

आता चिवटपणाकडे येऊ. युक्त्या तशा चारच होत्या. पहिली, जोडी. दोन प्रोग्रॅम एकमेकांवर नजर ठेवून असायचे. टास्क मॅनेजरमधून एकाला मारलं की दुसरा त्याला लगेच परत उभा करायचा. दुसरी, मुक्कामाच्या जागा. रजिस्ट्रीमध्ये विंडोज सुरू होताना काय काय चालवायचं याची यादी असते, तिथे एक नोंद. ब्राउझरला जोडून एक तुकडा. होस्ट्स फाइलमध्ये चार ओळी. एक जागा साफ केली तरी बाकीच्या शाबूत. तिसरी, आडवी तंगडी. काही जण नेटवर्कच्या साखळीतच स्वतःची कडी अडकवून ठेवायचे. नुसती फाइल डिलीट केली की साखळी तुटायची आणि इंटरनेटच बंद पडायचं. घरमालक म्हणणार, 'अरे, आधी निदान चालत तरी होतं!' आणि चौथी युक्ती तर विंडोजनेच पुरवलेली. सिस्टम रिस्टोअर केलं की काढलेलं सगळं पुन्हा हजर.

म्हणून जाणकारांचा क्रम ठरलेला असायचा. नेटची वायर काढा, सिस्टम रिस्टोअर बंद करा, एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जा, मग एकामागून एक स्कॅनर चालवा. हे स्कॅनर कोणी दिले? बहुतांशी एकेकट्या माणसांनी. 'स्पायवेअर' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला आणि २००० साली 'ऑप्टआउट' नावाचं साधन लिहिलं ते स्टीव्ह गिब्सन यांनी. जर्मनीच्या पॅट्रिक कोला यांनी 'स्पायबॉट' फुकट दिलं. २००३ मध्ये 'कूलवेबसर्च' आलं, त्याने होमपेज असं काही पकडलं की सुटेना. त्यावर खास उतारा आणि 'हायजॅक धिस' ही दोन्ही साधनं मेरिन बेलेकोम या डच विद्यार्थ्याची. हायजॅक धिस स्वतःहून काहीच बरं करत नसे. कुठे कुठे काय चिकटलंय याची यादी द्यायचं, काय काढायचं हा निर्णय तुमचा. मला ते सगळ्यात प्रामाणिक साधन वाटतं. हे काम तुमच्या वतीने ठरवण्यासारखं नाही, हे ते मान्य करत होतं.

मग नामवंत कंपन्याही या खेळात सापडल्या. ३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रुसिनोविच यांनी दाखवून दिलं की सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की एक प्रोग्रॅम गुपचूप बसतो आणि स्वतःला विंडोजपासून लपवतो. तो काढायला कंपनीने जे दिलं त्यानेही नवं भगदाड पडलं. पैसे मोजून रीतसर विकत घेतलेल्या सीडीची ही कथा. पायरसीवाल्यांना उपदेश करणाऱ्यांची थोडी पंचाईतच झाली.

असो. मग हे सगळं गेलं कसं? स्कॅनर चालवून चालवून गेलं, असं नाही. एका मशीनवरून काढलं तरी दुसऱ्या दहांवर चढत होतं, कारण प्रत्येक इन्स्टॉलमागे कोणालातरी पैसे मिळत होते. फरक दोन गोष्टींनी पडला. ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू ठेवली, पॉप-अप अडवले आणि वेबसाइटवरून काहीही येऊन बसायची वाट अरुंद केली. आणि कायद्याने पैशाचा माग काढला. एप्रिल २००५ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी 'इंटरमिक्स' कंपनीवर खटला भरला, तो ७५ लाख डॉलरला मिटला. २००६ मध्ये 'झँगो'ने ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. जानेवारी २००७ मध्ये तर न्यूयॉर्कने थेट जाहिरातदारांनाच धरलं. प्राइसलाइन, ट्रॅव्हलोसिटी आणि सिंग्युलर या बड्या कंपन्या. दंड किरकोळ होता, पण अशा सॉफ्टवेअरमधून जाहिरात केलीत तर तुम्हीही जबाबदार, हा संदेश पोचला. २००६ मध्ये क्लॅरियाने हा धंदा सोडला. २००९ मध्ये झँगो बंद पडली. पाण्याचा नळ बंद केला तेव्हा फरशी कोरडी झाली. पुसणारे आधीपासून पुसतच होते.

ही केवळ आठवणींची उजळणी राहिली असती, पण तोच प्रयोग पुढे आपल्याकडे फोनवर झाला. झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स आठवा. पाच-दहा हजारांचं कर्ज, आणि त्याआधी 'अलाऊ, अलाऊ' करत घेतलेली फोनबुक आणि फोटोंची परवानगी. हप्ता चुकला की वसुलीवाले तुमच्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करणार, फोटोत फेरफार करून पाठवणार. त्यातून राज्याराज्यांत पोलीस तक्रारी झाल्या, काही जणांनी जीवही गमावला. इथे कुठला अँटिव्हायरस काय करणार? अ‍ॅप काढून टाकलं तरी फोनबुक केव्हाच गेलेलं. इलाज पुन्हा नळापाशीच. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले, की कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधल्या फाइल्स, कॉन्टॅक्ट्स आणि कॉल लॉगला हात लावू नये. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या स्टोअरवरच्या कर्ज-अ‍ॅप्सना फोटो आणि कॉन्टॅक्ट्स बंद केले. त्याच वर्षीच्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात संमती मोकळी, नेमकी आणि समजून-उमजून दिलेली असावी असं लिहिलं आहे. 'आय अ‍ॅग्री'च्या बटणावर हे वीस वर्षं आधी कोणी लिहिलं असतं तर बऱ्याच इंजिनिअर पोरांचे रविवार वाचले असते.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, आपण सॉफ्टवेअरवाले चिवट गोष्ट दिसली की लगेच तिच्या कोडमध्ये डोकं घालतो. ते करावंच. पण एखादी गोष्ट काढूनही परत परत येत असेल, तर ती परत येण्याचे पैसे कोणाला मिळतात, हा प्रश्न आधी विचारावा. त्या प्रश्नाला सेफ मोड लागत नाही.

आणि उद्या रविवार मोकळा असेल तर आईबाबांच्या फोनवर सेटिंगमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे ती यादी उघडा. त्यात एखादा टॉर्च किंवा पंचांग निघालं, तर ते कशाला हवंय हे त्यांच्याबरोबर बसूनच ठरवा. परस्पर काढून टाकू नका. फोन त्यांचा आहे.