सागरपुराच्या धोक्याचे मापन : नेदर्लंड्समधील एक प्रकरण

समुद्रबांध किती उंच असावा, या प्रश्नाचे नेदर्लंड्समधील जुने उत्तर अनुभवाचे होते : आजवर पाणी जेथवर चढले, त्याहून थोडा अधिक. होक व्हान होलंड येथे १८९४ च्या उधाणाने प्रमाण-पातळीवर ३.२८ मीटरचा उच्चांक गाठला होता. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे पाणी ३.८५ मीटरवर गेले, आणि देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली.

हा उच्चांक अनपेक्षित होता, असे मात्र म्हणता येत नाही. वेमेल्सफेल्डर या अभियंत्याने तेथीलच १८८८ ते १९३७ या काळातील भरतीच्या नोंदी वारंवारतेनुसार मांडून १९३९ साली असे दाखविले होते की, पातळी वाढते तशी तिची संभाव्यता घटते. परंतु ती अमुक उंचीवर शून्य होते, असे मानण्यास आधार नाही. म्हणजे ‘सर्वोच्च पूर’ ही कल्पनाच निराधार ठरली होती. बांध मात्र त्या कल्पनेवरच उभे राहिले.

जलप्रलयानंतर नेमलेल्या डेल्टा आयोगासाठी गणिती व्हान डांट्सिख यांनी प्रश्नाचे स्वरूपच पालटले. बांध उंचावण्याचा खर्च एका पारड्यात आणि भावी पुरांत संभवणारी हानी दुसऱ्यात घालून, दोहोंची बेरीज जेथे किमान होईल ती उंची त्यांनी शोधली. जमीन खचणे व समुद्र चढणे यांचाही त्यांनी हिशेब धरला. १९५६ च्या त्यांच्या निबंधातील ही दूरदृष्टी आज विशेष जाणवते, कारण मूळ पातळीच चढू लागली की जुन्या नोंदींवरून काढलेली संभाव्यता कालबाह्य होते.

या तराजूत एक अडचण होती. दाट वस्तीच्या व संपन्न मध्य हॉलंडसाठी वर्षाला १०,००० त एक, तर झेलंडसाठी ४,००० त एक, अशी संभाव्यता प्रमाण ठरली. १९५३ साली सर्वाधिक बळी झेलंडचेच होते! मालमत्तेच्या मापाने हा निर्णय सुसंगत होता. तेथील शेतकऱ्याला तो न्याय्य वाटावा, अशी अपेक्षा मात्र धरता येत नाही.

२०१७ पासून अमलात आलेल्या नियमांनी ही उणीव अंशतः भरून काढली. बांधामागे राहणाऱ्या कोणाही व्यक्तीला पुरामुळे मृत्यू येण्याची संभाव्यता वर्षाला १,००,००० त एकाहून अधिक नसावी, हे किमान प्रमाण आता सर्वांना समान आहे. ते गाठण्याची मुदत २०५० ही आहे. जेथे वस्ती व मालमत्ता अधिक, तेथे याहून कठोर प्रमाण अजूनही लागू होते.