कर-थकबाकीपोटी मालमत्ताविक्री, अमेरिकेतील

मालमत्ता कराच्या थकबाकीच्या वसुलीसाठी स्थानिक शासनाने जाहीर लिलावाने केलेली स्थावर मालमत्तेची विक्री. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत प्रजासत्ताकाच्या प्रारंभापासून रूढ आहे. परगणे, नगरे व शाळा यांचा खर्च मोठ्या प्रमाणावर या करातून भागत असल्याने त्याचा बोजा सामान्यतः गहाणासारख्या इतर ऋणांच्या आधी मालमत्तेवर बसतो.

विक्रीचे मुख्य प्रकार दोन. काही राज्यांत थकबाकी वसूल करण्याचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने विकतात. फ्लॉरिडात १८ टक्के या कमाल व्याजदरापासून बोली खाली येत जाते व सर्वांत कमी व्याज मागणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. इतर राज्यांत मालकीहक्कच विकला जातो.

किंमत अल्प असल्याने गुंतवणूकदार अशा लिलावांकडे वळतात. परंतु अल्प किमतीचे कारण बहुधा मालमत्तेतच दडलेले असते. मोजणीतील चुका किंवा रस्ता-रुंदीकरण यांमुळे उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या, गल्लीचे तुकडे, वाट नसलेले भूखंड लिलावात येतात. गॉर्डन मॅटा-क्लार्क (१९४३–७८) या कलावंताने १९७३-७४ मध्ये न्यूयॉर्क नगराकडून असे पंधरा भूखंड प्रत्येकी सु. २५ ते ७५ डॉलरना घेतले. त्याच्या मृत्यूनंतर कर थकल्याने ते पुन्हा नगराकडेच गेले.

या पद्धतीतील मूळ प्रश्न मात्र वरकड रकमेचा आहे. कर भागेल इतकीच जमीन अधिकाऱ्याने विकावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १८०८ मध्ये म्हटले होते. तरीही अनेक राज्यांत संपूर्ण मालमत्ता जप्त करून सर्व उत्पन्न शासन ठेवी. मिनेसोटातील एका वृद्धेकडे सु. २,३०० डॉलर कर थकला. दंड, व्याज व खर्च धरून देणे सु. १५,००० डॉलरवर गेले. परगण्याने तिचे घर ४०,००० डॉलरना विकले व उरलेले २५,००० डॉलरही स्वतःकडे ठेवले. ‘टायलर विरुद्ध हेनेपिन परगणा’ या खटल्यात (२०२३) न्यायालयाने एकमताने हे घटनाबाह्य ठरविले. येणे असेल तेवढेच शासनाने घ्यावे, या तत्त्वाचा उगम न्यायालयाने १२१५ च्या मॅग्ना कार्टापर्यंत नेला. त्यानंतर मिनेसोटासह काही राज्यांनी आपले कायदे बदलले.